मसुद्याचा गनीम

कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिथं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना मी आणि माझा मित्र तेहतीस वर्षं बसलो. मी अर्जनवीस. लोकांचे अर्ज, करारनामे, वाटणीपत्रं मराठीत लिहून देणारा. तो निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचून त्यांचं मराठी करून द्यायचा. कागद जितका जुना आणि जितका कुरतडलेला, तितका त्याला आनंद व्हायचा.

आमच्या टेबलाचा एक नियम होता. तो माझ्या चुकीतून निघाला. पहिल्याच वर्षी मी पाचोडकडच्या, म्हणजे माझ्याच भागातल्या, दोन भावांचं वाटणीपत्र लिहिलं आणि त्यात ‘पूर्वेकडची विहीर धाकट्यास’ असं लिहून मोकळा झालो. पूर्वेकडं दोन विहिरी होत्या आणि त्यांतल्या एकीतच पाणी होतं. भाऊ अकरा वर्षं भांडले. भांडण सुरू झाल्याचं मित्राला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की कागद बाहेर जायच्या आधी मला दाखवला असतास तर मी विचारलं असतं, कोणती विहीर.

तेव्हापासून ठरलं. एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तो कागद शत्रू होऊन वाचायचा. याला आम्ही ‘गनीम होणं’ म्हणायचो. गनीमानं मैत्री बाजूला ठेवायची, समोरच्या पक्षातला सगळ्यात खवचट भाऊबंद अंगात आणायचा आणि कागदात फट शोधायची. फट सापडली की ती बुजवायची कशी, हेही त्यानंच सांगायचं. आणि कागद कुणाचा आहे, कुणाच्या विरुद्ध आहे, यावर गनीमानं मत द्यायचं नाही. मी गनीम म्हणून मध्यम होतो, जेवणानंतर मला डुलकी यायची. मित्र मात्र पट्टीचा गनीम होता. चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरायचा आणि फट सापडली की जिभेनं ‘च्च’ करायचा. शहराचं नाव बदललं तेव्हा ‘आता एकच नाव लिहायचं’ असं मी म्हणालो, तर त्यानं च्च केलं आणि वर्षभर प्रत्येक अर्जावर कंसात दुसरं नाव लिहायला लावलं. कोणत्या कारकुनाच्या रजिस्टरला कोणतं नाव असेल याचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरं निघालं.

हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचा मूर्खपणा कळणार नाही.

मी राहतो त्या कॉलनीच्या बागेत सकाळी ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो. अध्यक्ष आहेत ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. एका सकाळी त्यांच्या मोबाईलवर कुठल्याशा परदेशातल्या वादाचा व्हिडिओ आला. लहान मुलांची धार्मिक सुंता कायद्यानं बंद करावी की नाही, असा तो वाद होता. आमच्या कट्ट्यावर मात्र वाद झालाच नाही, कारण सगळे एकाच बाजूचे होते. बालहक्क हा शब्द त्या बाकांवर मी पहिल्यांदाच ऐकला. ज्या गृहस्थांनी आपल्या थोरल्या मुलाला दहावीत नापास झाला म्हणून पट्ट्यानं सोलून काढलं होतं, त्यांचे डोळे पाणावले होते. आपण सरकारला निवेदन द्यावं असं ठरलं, सह्याही तिथंच गोळा झाल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी हो म्हणालो. त्यांच्यासाठी नाही. कारण वेगळं होतं आणि ते मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी मित्राच्या मुलाची सुंता त्यांच्या घरी झाली. पोरगं सहा वर्षांचं होतं. नवा कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, दाराशी घोडा. सुंता करायला म्हातारा हज्जाम आला होता. पोराला मांडीवर घेऊन हात धरायचा मान मामाचा, पण मामाची सोयगावहून येणारी बस चुकली. मित्राला रक्त बघवत नाही. तो ‘खलिया करपेल’ म्हणून मागच्या अंगणात मटणाच्या देगीपाशी जाऊन उभा राहिला. तिथं आचारी होता, खलिया करपण्याचं काही कारण नव्हतं. मग कुणीतरी मला पुढं केलं, कारण पोरगं माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं. मी त्याला मांडीवर घेतलं आणि हात धरले. हज्जामानं डोळ्यांनी खूण केली. मी पोराच्या कानात म्हणालो, ‘वर बघ, सोन्याची चिमणी.’

त्यानं वर बघितलं. मी सांगितलं म्हणून बघितलं.

ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर ते पोरगं दोन वर्षं माझ्याशी बोललं नाही. मी घरी गेलो की आत पळायचं. मोठं झाल्यावर बोलायला लागलं, चाचा म्हणायला लागलं, पण ती दोन वर्षं माझ्या छातीवर बसली होती. मला फसवणुकीची लाज वाटत होती आणि अजून वाटते. त्यामुळं कट्ट्यानं विचारलं तेव्हा वाटलं, हा कागद तरी आपण नीट लिहू.

कट्ट्याला दोन ओळी हव्या होत्या. मी सात कलमांचा मसुदा केला. अल्पवयीन मुलाच्या शरीरावर धार्मिक कारणासाठी केलेली कोणतीही कापाकाप गुन्हा. करणारा दोषी, करवून घेणारा दोषी आणि चौथ्या कलमात, हजर राहून मदत करणाराही दोषी. हे चौथं कलम लिहिताना मला बरं वाटलं होतं.

कागद पिशवीत घालून निघालो, तेव्हा बायकोनं विचारलं, कुठं. मी म्हणालो, मित्राकडं, दाखवायला. तिनं हातातली परात खाली ठेवली. तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही का, असं तिनं विचारलं, आणि याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हेही सांगितलं. मला तिचं म्हणणंच कळेना. त्या विहिरीनंतर माझा एकही कागद त्यानं वाचल्याशिवाय बाहेर गेला नव्हता. मग हा कुणाला दाखवायचा?

आता आम्ही शेडमध्ये आठवड्यातून दोनदाच जातो, सवय मोडू नये म्हणून. मित्र आला होता. मी कागद पुढं ठेवला आणि म्हणालो, ‘गनीम हो.’

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. पहिलं पान वाचलं, थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चहा आला, तो निवला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बायको बरोबर असावी. मी कागद परत घ्यायला हात पुढं केला. त्यानं कागदावर कोपर ठेवलं आणि पेन्सिल काढली.

‘च्च,’ तो म्हणाला. ‘कान टोचणारा सोनार आत गेला.’

खरंच होतं. कापाकाप या शब्दाच्या व्याख्येत मी ‘छेद देणे’ घातलं होतं. बाराव्या दिवशी पोराचे कान टोचणारे गुलमंडी बाजारातले सगळे सोनार माझ्या पहिल्या कलमानं तुरुंगात जात होते आणि त्यांच्यामागून सगळ्या आज्या. माझ्या नातवाचे कान मीच धरले होते. मित्रानं ‘छेद देणे’ खोडून ‘शरीराचा भाग कायमचा काढून टाकणे’ असं लिहिलं. मग त्यानं जावळाचा विषय काढला. केस हा शरीराचा भाग आहे का? मी म्हणालो, केस पुन्हा येतात. त्यानं माझ्या टकलाकडं पाहिलं आणि ‘केस व नखे वगळून’ असं लिहिलं.

मग डॉक्टरी कारण. कुणाला त्रास असेल तर ऑपरेशन करावंच लागतं, ती सूट हवी. सूट दिली की सगळी गल्ली त्रासाचं सर्टिफिकेट आणणार, आणि सर्टिफिकेट कसं मिळतं हे आमच्याइतकं त्या शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं सरकारी दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांची सही घातली. कुणी पोराला दुसऱ्या राज्यात नेलं तर? त्यानं तीही वाट बंद केली. हे तीन बैठका चाललं. तो घरूनही विचार करून यायचा. एकदा तर आल्या आल्या, अजून बसायच्या आधी म्हणाला की पाचव्या कलमातून आजोबा सुटतात.

तो स्वतः आजोबा होता. त्याचा नातू सात वर्षांचा होता.

मसुदा पोलादासारखा होत चालला. तिसऱ्या बैठकीला मी म्हणालो, ‘तुला राग येत नाय का?’

‘गनीमाला राग नसतो,’ तो म्हणाला.

‘आन तुला?’

त्यानं चष्मा डोळ्यांवर आणला. ‘मला लई आलाय. पण कागद कच्चा असला तर त्याचाबी राग येतो. काय करणार.’

मग तो बोलला. त्याच्या मते हे बंद होऊ नये. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळ्यांचं झालं, आणि त्यात आपण कुठले आहोत ते कळतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, पण पोराला कुणी विचारत नाही. तो म्हणाला, तुझं नाव तुला विचारून ठेवलं होतं का? मी म्हणालो, नाव बदलता येतं. ‘हौ,’ तो म्हणाला, ‘गावाचंबी येतं.’ पुढं त्यानं सांगितलं की नातवाचा दिवस ठरलाय, येत्या रविवारी, दवाखान्यात, इंजेक्शन देऊन. मला सांगायला म्हणूनच त्या पहिल्या दिवशी तो शेडमध्ये आला होता. तेवढ्यात मी पिशवीतून कागद काढला.

त्यानं मसुद्याची पानं ठोकून सरळ केली.

‘एक फट राहिली,’ तो म्हणाला. ‘सगळ्यात मोठी.’

‘कोणती?’

‘अर्जदार कुठाय? तुझ्या बागेतल्या बावीस म्हाताऱ्यांच्या सह्या हायेत. त्यातल्या एकाचं तरी काय कापलंय? तेहतीस वर्षांत आपण अर्जदाराच्या जबाबाशिवाय एक कागद केला का?’

मी म्हणालो, अर्जदार लहान पोरं आहेत, ती जबाब कसा देणार.

‘पोरं मोठी होतात,’ तो म्हणाला. ‘एक तर तुझ्या ओळखीचाच हाय. जा त्याच्याकडं. मी बाप हाय, मी कधी विचारलं नाय. तू विचार, आन काय सांगतो ते मला वाचून दाखव.’

त्याच्या मुलाचं गुलमंडीत दुकान आहे. लेस, बटणं, अस्तर, साडीचे फॉल. दुपारी गर्दी नसते, म्हणून मी दुपारी गेलो. मला पाहून तो उठला, चाचा बसा म्हणाला, पंखा माझ्याकडं वळवला. मी वही काढली. जबाब घ्यायला आलोय असं सांगितलं, तेव्हा तो हसला. कशाबद्दल ते सांगितलं, तेव्हा त्यानं दुकानातल्या पोऱ्याला चहाला पाठवलं आणि लेसचं एक रीळ हातात घेतलं.

प्रश्न मी लिहून नेले होते. ते बाजूला राहिले. मी म्हणालो, ‘त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. चुकलं माझं. तीस वर्षं झाली, सांगायचं राहून गेलं.’

‘चिमणी?’ तो म्हणाला.

त्याला आठवत होतं. दुखल्याचं म्हणे आता आठवत नाही, दुखलं असेलच. हार आठवत होता, त्यातला मोगरा. घोड्यावर बसता आलं नाही ते आठवत होतं. आणि चिमणी.

‘तुम्ही वर बघ म्हणालात,’ तो म्हणाला, ‘मी बघितलं. मग रडलो. मला वाटलं, मी रडलो म्हणून ती उडाली. लई दिवस छताकडं बघत झोपायचो. तुम्ही आलात की मी आत पळायचो, तुम्ही विचाराल म्हणून, की चिमणी दिसली का. तुम्ही इतक्या प्रेमानं दाखवली आणि मला दिसली नाही, याची शरम वाटायची.’

दोन वर्षं मी समजत होतो की ते पोरगं माझ्यावर चिडलंय. चिडलं असतं तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि मी ते चहाच्या कपामागं झाकलं, तरी त्याला दिसलंच. त्यानं माझ्याकडं वळवलेला पंखा आणखी जोरात केला.

जबाब घेणं भाग होतं. मी विचारलं, हे कायद्यानं बंद व्हावं असं वाटतं का. तो म्हणाला, बागेतली माणसं त्याच्या पोरासाठी झुरतायत असं काही त्याला वाटत नाही. त्या माणसांनी कधी त्याच्या पोराचं नावही विचारलेलं नाही. कायदा त्यांच्या हातानं येणार असेल तर नको. पण पोराला फसवायचं नाही, हे त्यानं मुलगा झाला त्या दिवशीच ठरवलं होतं. म्हणून महिन्यापूर्वी त्यानं पोराला समोर बसवून सगळं सांगितलं. काय कापतात, का कापतात, चार दिवस दुखेल. पोरानं विचार करायला तीन दिवस मागितले. चौथ्या दिवशी अट घातली, घोडा त्याच दिवशी नको, आठ दिवसांनी हवा, नीट बसता येईल तेव्हा.

‘आणि नाही म्हणाला असता तर?’ मी विचारलं.

त्यानं रिळाची लेस थोडी उलगडली, पुन्हा गुंडाळली. ‘तर थांबलो असतो बहुतेक. अब्बांशी भांडण झालं असतं. किंवा त्याला पुन्हा पुन्हा समजावत बसलो असतो, हो म्हणेपर्यंत.’ मग तो म्हणाला, ‘माहीत नाही. तसंच लिहा चाचा. माहीत नाही.’

मी तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी तो जबाब मित्राला वाचून दाखवला. चिमणीपाशी माझा आवाज गेला, तेव्हा त्यानं वही घेतली आणि पुढचं स्वतः वाचलं. बराच वेळ लागला त्याला. पेन्सिल टेबलावरच होती, त्यानं उचलली नाही.

‘मी देगीपाशी होतो,’ तो म्हणाला.

‘व्हय.’

‘खलिया करपत नव्हता.’

‘माहितीय मला.’

त्यानं वही मिटून माझ्याकडं सरकवली आणि यात फट नाही म्हणाला. असं तो तेहतीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता.

मसुदा आणि वर पहिलं पान म्हणून तो जबाब, असं मी अध्यक्षांना नेऊन दिलं. त्यांनी सात कलमं वाखाणली, अशी भाषा आता राहिली नाही म्हणाले. पहिलं पान मात्र काढून टाकू या, त्यानं मुद्दा पातळ होतो, असं त्यांचं मत पडलं. मी म्हणालो, अर्जदाराशिवाय अर्ज होत नाही. ते म्हणाले, सह्या आहेत की. मी सगळे कागद पिशवीत घालून घरी आलो. पुढं कट्ट्यानं आपल्या दोन ओळींचं निवेदन पाठवलं. त्या दोन ओळींत गुलमंडीतले सोनार अडकतात. मी ती फट दाखवायला गेलो नाही.

तो मसुदा अजून माझ्या कपाटात आहे. कधीकधी काढून वाचतो. चौथं कलम आलं की मी त्यात सापडतो. त्यात चूक काढता येत नाही आणि तो कुणाच्या हातात द्यावा तेही मला कळत नाही.

त्या रविवारी सकाळी दवाखान्यात गेलो. मला बोलावणं आलं नव्हतं, पण येऊ नको असंही कुणी म्हणालं नव्हतं. पोरगं हिरव्या झग्यात खाटेवर बसलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत होतं, दुखेल का. नर्स नाही म्हणाली. आजोबांना विचारलं. मित्रानं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘कुछ नहीं रे, चिंटी काटी समझ.’ पोरगं आजोबांकडं बघत राहिलं. मग माझ्याकडं वळलं. मला ते पाचोडवाले दादा म्हणतं.

‘पाचोडवाले दादा, दुखेल का?’

‘दुखेल,’ मी म्हणालो. ‘चार दिवस. मग कमी होईल.’

त्यानं मान हलवली. बापाच्या जबाबाशी माझा जबाब जुळला होता. इंजेक्शन होईपर्यंत एका मोठ्या माणसाला आत थांबता येतं, असं नर्सनं सांगितलं, तेव्हा त्यानं माझं बोट धरलं. मित्रानं ते पाहिलं आणि तो दाराकडं सरकला. बहुतेक कुठंतरी चहा बघायला निघाला होता.

मी बोट सोडवून घेतलं. ‘आजोबांना ने आत,’ मी पोराला म्हणालो. ‘मागच्या वेळी त्यांना जमलं नव्हतं.’

पोरानं थोडा विचार केला. मग त्यानं हाक मारून आजोबांना परत बोलावलं आणि त्यांचा हात धरला. मित्राचा चेहरा पांढरा पडला होता. ‘दुखेल,’ तो नातवाला म्हणाला, ‘मी खोटं बोललो.’ आणि ते दोघं आत गेले.

पोराचा बाप आणि मी बाहेर बाकावर बसलो. आतून काही आवाज येत नव्हता. मी तरी कानांची तयारी करून बसलो होतो, हात गुडघ्यांवर आवळून. त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. मग मान मागं टाकून त्यानं वर बघितलं. मीही बघितलं.

‘पंखाच आहे, चाचा,’ तो म्हणाला.